चार्जर सगळ्यात शेवटी

आमच्या शहरातला विद्युत गाड्यांचा पहिला सार्वजनिक चार्जर आम्ही कार्यालयाच्या दारातच बसवला. जागा आपली, वीजजोडणी आयती, फीत कापायला बरं. ६० किलोवॅटचं डीसी, म्हणजे जलद चार्जिंगचं यंत्र, दोन गन (गाडीत लावायचे प्लग). संध्याकाळी सहाला शिपाई फाटक लावायचा आणि ते यंत्र रात्रभर आत एकटंच हिरवा दिवा मिचकावत उभं राहायचं. दिवसा त्याच्यासमोर कामासाठी आलेल्यांच्या पेट्रोलच्या गाड्या. पहिल्या तीन महिन्यांत त्यावर सर्वांत जास्त वेळा चार्ज झालेली गाडी आमच्याच साहेबांची होती.

मी नगरपालिकेच्या विद्युत विभागात २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पथदिव्यांच्या मागे. शेवटची सहा वर्षं चार्जिंगची फाईल माझ्या टेबलावर होती. आता निवृत्त आहे, तरी अधूनमधून फोन येतोच: "मॅडम, चार्जरचं काम आलंय, कुठल्या कंपनीचं यंत्र घेऊ?" यंत्राचं शेवटी बघू म्हणते मी, आधी रात्री एक वाजता घराबाहेर पडा.

रात्रीची मोजणी

खाजगी गाडी दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते, आणि सर्वांत लांब मुक्काम रात्रीचा. ज्याच्या घराला स्वतःचं पार्किंग आहे तो तिथेच सॉकेट बसवून घेणार. सार्वजनिक चार्जर लागतो तो ज्याची गाडी रस्त्यावर झोपते त्याला. ही माणसं कुठल्या गल्लीत किती, ते कुठल्याच कार्यालयात लिहिलेलं नसतं. वाहन नोंदणीत मालकाचा पत्ता मिळतो, गाडी कुठे उभी राहते ते नाही. म्हणून पायी फिरायचं.

सुट्टी नसलेला दिवस धरा, रात्री साडेबारा ते तीन. दोघं जा, एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. गल्लीचं नाव, रस्त्यावर उभ्या चारचाकी किती, दुचाकी किती, रिक्षा-टेम्पो किती. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी टिपा: पथदिव्याचा खांब फुटपाथच्या कुठल्या कडेला आहे, फुटपाथ किती रुंद आहे, आणि जवळचा ट्रान्सफॉर्मर साधारण किती पावलांवर. आत्ता विद्युत गाड्या किती हे मोजू नका. चार-दोन सापडतील आणि सभेत कोणीतरी म्हणेल, "एवढ्यासाठी कशाला खर्च?" आपण खड्डा खणतोय तो पुढच्या पंधरा वर्षांसाठी, तेव्हा मोजायची ती जागा. कुत्र्यांसाठी काठी असू द्या आणि पोलिस ठाण्याला आधी कळवून ठेवा. आम्ही पहिल्या रात्री कळवलं नव्हतं. गाड्यांच्या काचेतून डोकावत वही भरणारी दोन माणसं पाहून कोणीतरी फोन केला होता.

दिवसाची मोजणी सोपी आहे. बाजार, दवाखाना, स्थानक, वाचनालय इथे गाडी किती वेळ थांबते एवढंच हवं. दर अर्ध्या तासानं गाड्यांच्या शेवटच्या चार आकड्यांची यादी करायची, म्हणजे कोण किती थांबलं ते आपोआप निघतं. तिसरा गट टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचा. त्यांना विचारायलाच लागतं. गाडी उभी म्हणजे त्यांचा धंदा उभा.

मुक्कामाला साजेसा वेग

चार्जरचा वेग मुक्कामावरून ठरवा. एकफेजी २३० व्होल्ट, ३२ अँपिअरवर ७.४ किलोवॅट मिळतात. तीनफेजी ४०० व्होल्टवर १६ अँपिअरला ११ आणि ३२ ला २२. हे सगळं एसी. एसीचं डीसी करण्याचं काम गाडीतलाच चार्जर करतो, म्हणून गाडीची कुवत ७.४ ची असेल तर २२ किलोवॅटच्या चार्जिंग खांबावरही ती ७.४ च घेणार. निविदेत मोठा आकडा लिहून फुशारकी मारणाऱ्यांना हे सांगून मी थकले. डीसी चार्जर गाडीतल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीला वीज देतो, ५०, १५०, अगदी ३५० किलोवॅटपर्यंत. तोही बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास आली की हळू होतो, त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांसाठी गाडी अडवून बसणारा माणूस मागच्या तिघांना खोळंबून ठेवतो.

रात्रभर गाडी उभी राहते तिथे ७.४ किंवा त्याहून कमी भरपूर झालं. दोन-तीन तासांच्या थांब्याला ११ ते २२. टॅक्सीतळ, महामार्गाचं तोंड, मालाचा तळ इथे डीसी. दुचाकीला तर साधा, पण पावसात टिकणारा १५ अँपिअरचा सॉकेट आणि कुलूप लावता येईल असं झाकण पुरतं. पण त्याची फीत कापायला कोणी येत नाही, म्हणून तो आराखड्यातून हमखास गळतो. तुम्ही गाळू नका.

एक हिशेब, हातानं करायचा

कागद घ्या. एका वस्तीत रस्त्यावर झोपणाऱ्या २०० गाड्या आहेत आणि उद्या त्या सगळ्या विद्युत झाल्या असं धरा. गाडी दिवसाला ३० किलोमीटर फिरली तर साधारण ५ युनिट खाते (एक किलोवॅट तासभर ओढला की एक युनिट). म्हणजे २०० गाड्यांचे १,००० युनिट. पण रोज कोणी गाडी लावत नाही, पाच दिवसांतून एकदा लावतं आणि २५ युनिट घेतं. म्हणजे एका रात्रीत ४० गाड्या.

आता किती सॉकेट? ७.४ किलोवॅटचा एक सॉकेट दहा तासांत ७० च्या वर युनिट देऊ शकतो, म्हणजे कागदावर एकाच सॉकेटवर तीन गाड्या निघतात आणि १५ सॉकेटांत काम भागतं. सल्लागाराच्या अहवालात हेच लिहिलेलं असतं. पण रात्री अडीच वाजता उठून, चप्पल घालून, शेजाऱ्यासाठी गाडी हलवायला कोण जातो? रात्रीच्या जागी एक सॉकेट म्हणजे एक गाडी. सॉकेट ४० लागतात.

मग ४० गुणिले ७.४ म्हणजे जवळपास ३०० किलोवॅटची जोडणी मागायची? तेही नाही. ४० गाड्यांना मिळून १,००० युनिट दहा तासांत द्यायचे, म्हणजे सरासरी १०० किलोवॅट. प्रत्येकीच्या वाट्याला अडीच. यंत्रांनी आपसात भार वाटून घेतला की झालं. आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एसी चार्जिंगला निदान ६ अँपिअर द्यावेच लागतात, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. अडीच त्याच्या वरच आहे, सरासरीला थोडी मोकळीकही उरते. तेव्हा यंत्रं भरपूर आणि जोडणी बेताची. आमच्या पहिल्या प्रस्तावात मी नेमकं उलटं केलं होतं: यंत्रं चार, जोडणी दांडगी.

भारवाटपाबद्दल निविदेत एक वाक्य घालायचंच: इंटरनेट गेलं तरी वाटप जागेवरच चालू राहिलं पाहिजे. नाहीतर नेट गेल्यावर एकतर सगळी यंत्रं पूर्ण प्रवाह ओढतात आणि मुख्य फ्यूज उडतो, किंवा सगळी बंद पडतात. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला गाडी रिकामी सापडते. तो परत येत नाही.

वीज कंपनीला आधी भेटा

जागा नक्की करण्याआधी, नकाशावर ठिपके टाकण्याआधी भेटा. पत्रात तीन गोष्टी मागा. ट्रान्सफॉर्मरची क्षमता. वर्षभराचा तासागणिक भार, त्यातही सर्वांत कडक उन्हाच्या महिन्याचा, कारण तेव्हा पंखे-एसी रात्रीही चालू असतात आणि ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला सवडच मिळत नाही. आणि तिसरी, जी कोणी मागत नाही: मंजूर झालेला पण अजून न उचललेला भार किती?

या तिसऱ्यानं आम्हाला बुडवलं. एका ट्रान्सफॉर्मरवर संध्याकाळच्या गर्दीतही तिसरा हिस्सा मोकळा दिसत होता. खांब आले, खोदाई झाली, मग कळलं की तो मोकळा हिस्सा शेजारच्या बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या नावानं दोन वर्षांपूर्वीच मंजूर होता. नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत अकरा महिने ते खांब प्लास्टिक गुंडाळून उभे होते. लोक म्हणायचे, नगरपालिकेनं भुतं उभी केलीत.

रात्रीचा भार बघाल तर बहुतेक वस्त्यांत बारानंतर ट्रान्सफॉर्मर निवांत असतो. आपल्या गाड्याही तेव्हाच झोपलेल्या असतात. म्हणून रात्री बारा ते सकाळी सहाचा दर कमी ठेवायला वीज कंपनीला गळ घाला, आणि तो फायदा गाडीवाल्यापर्यंत पोचेल असं ठेक्यात लिहा. नाहीतर मधल्यामध्ये जिरतो. घरी सॉकेट असलेल्याला वीज स्वस्त आणि रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला महाग, हे सार्वजनिक चार्जिंगचं जुनं दुखणं आहे.

पथदिव्यांचा मोह

हा माझा प्रांत, म्हणून जरा थांबते. एलईडी आल्यावर पथदिव्यांचा भार निम्म्यावर आला आणि जमिनीत जुनी जाड केबल तशीच राहिली. मग त्याच खांबातून गाडी चार्ज का करू नये? लंडनमध्ये असे हजारो खांब आहेत, साधारण ५ किलोवॅट देणारे. लॉस एंजेलिसच्या पथदिवे विभागानंही खांबांवर चार्जर लावलेत. कल्पना चांगली आहे, खोदाई जवळजवळ शून्य.

पण तुमचा दिवा कसा पेटतो ते आधी बघा. पुष्कळ ठिकाणी अख्ख्या रांगेला एकच पॅनल असतो आणि टायमर संध्याकाळी सगळ्या केबलला वीज देतो, पहाटे काढून घेतो. अशा खांबावर चार्जर बसवला तर पहाटे दिव्याबरोबर तोही मालवतो. केबलला चोवीस तास वीज हवी आणि प्रत्येक दिव्याला स्वतःचा स्विच हवा. मग ती वीज मोजायला मीटर हवा, कारण पथदिव्यांचं बिल कित्येक ठिकाणी दिव्यांच्या संख्येवरून निघतं. अर्थिंग तपासा. जुन्या खांबांचं अर्थिंग म्हणजे पुष्कळदा कागदावरचं अर्थिंग. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळती होऊ शकते आणि तिनं साधा आरसीडी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आंधळा होतो. म्हणून ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी व्यवस्था किंवा बी प्रकारचा आरसीडी लागतो. आणि खांब फुटपाथच्या घरांकडच्या कडेला असेल तर विषयच संपला, चालणाऱ्याच्या पायात केबल जाणार. रात्रीच्या मोजणीत खांबाची कड टिपायला सांगितली ती याचसाठी.

एकदाच खणा

रस्ता खणला की चार चार्जरसाठी खणला तरी बारांसाठी पाईप टाकून ठेवा. रिकामा पाईप स्वस्त आहे, दुसऱ्यांदा खोदाईची परवानगी, डांबर आणि लोकांच्या शिव्या महाग. मुख्य पॅनलमध्ये मोकळ्या जागा ठेवा, पाया मोठा घाला. पाणीपुरवठा किंवा ड्रेनेजचं काम त्याच गल्लीत येत असेल तर त्यांच्याबरोबर पाईप टाकून घ्या. त्यासाठी त्या विभागांच्या बैठकीत जाऊन बसावं लागतं, पत्रानं हे होत नाही.

यंत्र बसेल ते फुटपाथवर नको, गाड्यांच्या ओळीतली थोडी जागा घेऊन तिथे कट्टा बांधा. फुटपाथवरच घ्यायचं झालं तर चालायला निदान दीड मीटर मोकळं सोडा, व्हीलचेअर तेवढ्यात वळते. ब्रिटनमध्ये पीएएस १८९९:२०२२ हे मानक खास अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा चार्जरसाठी निघालं. मला ते वाचण्याआधीच धडा मिळाला होता. आमच्या लेखा विभागातली एक सहकारी व्हीलचेअर वापरते, तिला मी नव्या जागेवर घेऊन गेले. पहिली अडचण, यंत्राला गाडीची धडक बसू नये म्हणून आम्ही जे लोखंडी खुंट रोवले होते त्यांच्यामधून तिची खुर्ची जाईना. दुसरी, यंत्राचा पडदा (स्क्रीन) मला स्वच्छ दिसत होता, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्यात नुसतं आभाळ दिसत होतं. तिसरी, डीसीची जाड केबल तिला मांडीवर घेतल्याशिवाय उचलता येईना. आराखडा मंजूर करण्याआधी अशा माणसाला जागेवर न्या, जमिनीवर खडूनं खुणा करून.

इथे एक ओढाताण आहे, आधीच सांगते. पाणी तुंबणाऱ्या भागात यंत्र उंच कट्ट्यावर हवं, आणि खुर्चीवरच्या माणसाला पडदा खाली हवा. दोन्ही साधत नसेल तर जागा बदला. पाणी कुठपर्यंत चढतं ते नकाशापेक्षा ड्रेनेजच्या जुन्या मुकादमाला चांगलं ठाऊक असतं. बाहेर ठेवायच्या यंत्राला धूळ-पाण्यासाठी आयपी५४ आणि धक्क्यासाठी आयके१० मागा, त्यावर वाटाघाट करू नका.

ठेका

यंत्र आज नवं आणि दहा वर्षांनी भंगार. जमिनीखालचे पाईप, केबल, पाया आणि वीजजोडणी मात्र टिकते. म्हणून जमिनीखालचं सगळं नगरपालिकेच्या नावावर, वीजजोडणीसुद्धा. ठेकेदार फक्त वरचं यंत्र आणतो. असं केलं नाही तर मुदत संपल्यावर तो जोडणीसकट तुम्हाला ओलीस धरतो. एक ठेकेदार मधेच धंदा गुंडाळून गेला तेव्हा ज्या जागांची जोडणी आमच्या नावावर होती तिथे काही आठवड्यांत दुसरी यंत्रं लागली. उरलेल्या जागांचा कागद दीड वर्ष फिरत होता.

यंत्रं ओसीपीपीवर चालणारी घ्या. यंत्र आणि त्यामागचा सर्व्हर यांनी बोलायची ही खुली भाषा, नेदरलँड्समध्ये सुरू झालेली. १.६ ही तिची आवृत्ती अजून सर्वत्र दिसते, २.०.१ तिच्यानंतरची आणि जास्त सुरक्षित. नुसतं 'ओसीपीपी असावं' लिहून भागत नाही. दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरला यंत्र जोडून दाखवा, मगच बिल, अशी अट घाला. आमच्याकडे या एका अटीवर तीन निविदा गळल्या.

चालू राहण्याची टक्केवारी हा लबाडीचा सर्वांत मोठा अड्डा. अमेरिकेच्या केंद्रीय निधीतल्या चार्जरना ९७ टक्क्यांची अट घातली गेली, ब्रिटनच्या २०२३ च्या नियमांत जलद चार्जरच्या जाळ्याला ९९ टक्के. ९७ टक्के म्हणजे वर्षाला जवळपास ११ दिवस बंद, ९९ म्हणजे साडेतीन-पावणेचार दिवस. पण 'चालू' कशाला म्हणायचं? सर्व्हरला यंत्राचा ठोका ऐकू येतोय म्हणजे चालू, असं ठेकेदार म्हणतो. गनचं कुलूप तुटलेलं, पडदा फुटलेला, तरी अहवालात चालू. आम्ही व्याख्या बदलली: गाडी लावून पाच मिनिटांत वीज सुरू झाली तर चालू. आणि महिन्यातून एकदा आमचा वायरमन न कळवता जाऊन गाडी लावून बघणार. टक्केवारीही प्रत्येक जागेची वेगळी, सगळ्यांची सरासरी नाही. सरासरीत स्थानकाजवळचे दहा चांगले खांब टेकडीवरच्या वस्तीतला एक मेलेला खांब लपवतात.

टेकडीवरच्या वस्तीवरून आठवलं. जागा वाटताना चलती आणि पडती जागा एकाच गठ्ठ्यात बांधा. सुट्या दिल्या तर ठेकेदार मलई उचलतो आणि गरीब वस्तीची निविदा तीनदा काढूनही कोणी भरत नाही.

पैसे द्यायला अॅपची सक्ती नको. युरोपीय संघाच्या नियमानुसार १३ एप्रिल २०२४ पासून बसवलेल्या ५० किलोवॅट आणि वरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर कार्डानं पैसे देता आलेच पाहिजेत. विजेचा दर युनिटप्रमाणे ठेवा आणि ठळक अक्षरांत यंत्रावरच लिहा. भरून झालेली गाडी अडवून ठेवल्याचा दंड दिवसा जरूर घ्या, रात्री दहा ते सकाळी सात नको. आमच्या ठेकेदारानं रात्रीही लावला होता. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा बिल घेऊन कार्यालयात आले आणि मला विचारलं, झोपेचे पैसे घेता का?

किती आणि कुठे वाढवायचं

वरून आकडे येतात. युरोपीय संघ देशांना सांगतो की नोंदणी झालेल्या प्रत्येक बॅटरी गाडीमागे १.३ किलोवॅट सार्वजनिक क्षमता हवी. भारताच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत निदान एक स्टेशन होतं. वाटेत अडकण्याची भीती घालवायला चौकट ठीक आहे. पण गाडी जिथे झोपते तिथून दीड किलोमीटरवरचा चार्जर रात्री कोणी वापरत नाही. पाच मिनिटं चालणं ही मर्यादा धरा, त्यातही रस्ता उजेडाचा.

मला सर्वांत पटलेली पद्धत ॲमस्टरडॅमची: रहिवाशानं अर्ज करायचा, जवळपास चार्जर नसेल किंवा असलेला पुरत नसेल तर तिथे नवा यायचा. आम्ही तीच थोडी वाकवून घेतली. अर्ज आला की आधी रात्रीच्या मोजणीची वही काढायची. वापर सतत वाढता दिसला की आधीच टाकलेल्या पाईपातून पुढचा खांब. नव्या खोदाईचा प्रश्नच येत नाही. मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच गल्ल्यांत. वही तीच ठेवा, बदलीच्या वेळी पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याची सही घ्या.

कार्यालयाच्या दारातलं ते ६० किलोवॅटचं यंत्र शेवटी आम्ही काढून मालवाहू टेम्पोंच्या तळावर नेलं. दुपारी दीड ते तीन तिथे आता रांग असते, डबा खाऊन होईपर्यंत गाडी भरते. जुना पाया अजून दारात आहे. शिपायानं त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे, आणि साहेब कुरकुरत घरी सॉकेट बसवून घेऊन मोकळे झाले.